मधुमेह आणि मूत्रपिंडातील निरोप्या

मानवी शरीरातील दोन मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व पाणी पुन्हा रक्तास परत करतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांत रक्त किती दाबाने शिरावे, हे ठरविण्याच्या कामी नायट्रिक ऑक्साइड या वायूचा मोठा वाटा असतो.

रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू तयार करतात. तो लगतच्या स्नायुपेशींत शिरला म्हणजे त्या सैलावतात व वाहिनी रुंदावते. असा साधा वायू रक्ताभिसरण संस्थेत निरोप्याचे काम करतो, या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद मुराद यांना १९९८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मधुमेहात या व्यवस्थेचा तोल ढळतो. आरंभी अनेक रुग्णांची मूत्रपिंडे प्रमाणाबाहेर गाळण करू लागतात. नायट्रिक ऑक्साइडचा वाढलेला प्रभाव हे त्याचे एक कारण मानले जाते. पुढे साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास पेशींत सुपरऑक्साइड वाढते. ते नायट्रिक ऑक्साइडशी संयोग पावते व त्यातून पेरॉक्सिनायट्राइट हा घातक पदार्थ निर्माण होतो. इतकेच नव्हे, तर नायट्रिक ऑक्साइड बनविणारे विकरही सुपरऑक्साइड निर्माण करू लागते. अशा रीतीने निरोप्या नाहीसा होतो आणि त्याची जागा उपद्रवी पदार्थ घेतात. अस्तर दुबळे होते, गाळण्या निबर होत जातात आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे जाऊ लागते.

या अवस्थेत वेदना होत नाहीत, हाच खरा धोका होय. पायांवर सूज दिसेपर्यंत बरीच हानी झालेली असू शकते. यास्तव प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात निदान होताच, व त्यानंतर दरवर्षी, लघवीतील अल्ब्युमिनची आणि रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करावयास हवी. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, मीठ बेताने खाणे, तंबाखू वर्ज्य करणे आणि वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून न घेणे, हे उपाय प्रत्येकाच्या आवाक्यातील आहेत. मूत्रपिंडास संरक्षण देणारी औषधेही आज उपलब्ध आहेत.

तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह व रक्तदाब तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत होते. ग्रामसभेत आणि पालकसभेत ही माहिती पोहोचविल्यास अनेक कुटुंबांवरील डायलिसिसचा प्रसंग टळू शकेल.