डब्यात काय असतं? आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरची ओळख



जूनच्या बैठकीत आपल्या प्रभागसंघाचा जमाखर्च वाचून दाखवला, तेव्हा त्यात एक ओळ होती: कॉम्प्युटर दुरुस्ती, रुपये ४,६००. लेखापाल ताईंनी ती वाचली आणि त्या पुढच्या ओळीवर गेल्या. त्याआधी चहापाण्याच्या ३४० रुपयांवर आपण दहा मिनिटं बोललो होतो. ४,६०० वर कुणी काहीच बोललं नाही. मग मागच्या रांगेतून एक वयस्कर ताई म्हणाल्या, "त्यात बदललं काय?"

कुणालाच सांगता येईना. मी तिथंच बसले होते. एमएसडब्ल्यू झालेली, रोज त्याच कॉम्प्युटरवर अहवाल भरणारी, पण मलाही सांगता येईना. बिल काढून बघितलं. त्यावर तीन गोष्टी होत्या: एसएमपीएस, रॅम ८ जीबी आणि सर्व्हिस चार्ज. ताई म्हणाल्या, "गिरणीचा पट्टा बदलला तरी मी जुना पट्टा हातात घेते. इथं जुनं सामान कुठंय?" त्या गटाची पिठाची गिरणी चालवतात. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

माझी एक मैत्रीण आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअरचा ट्रेड शिकलेली आहे. तिला एका शनिवारी ऑफिसात बोलावलं. तिने डबा उघडला, आम्ही पाच जणी भोवती बसलो आणि एकेक भाग बघितला. जे समजलं ते इथं लिहिते आहे.

आधी नाव नीट करू. टेबलाखालच्या त्या उभ्या डब्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो. दुकानदारही म्हणतात. खरं तर तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आणि तो आतली एक चौकोनी चकती असते, पारले-जीच्या बिस्किटाहूनही छोटी. फरक का कळायला हवा? कारण "सीपीयू गेला" असं कुणी सांगितलं, तर नक्की काय गेलं हे विचारता आलं पाहिजे. अख्खा डबा गेला, आतली चकती गेली, की फक्त वीज पोचत नाही? तिन्हींच्या खर्चात फार फरक आहे. आणि समोरचा टीव्हीसारखा दिसतो तो मॉनिटर. तो फक्त दाखवतो. आपला एकही हिशोब त्यात नसतो. मॉनिटर फुटला तरी वह्या शाबूत राहतात.

डबा उघडण्याआधी बटण बंद करून वायर भिंतीतून काढायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. हात कोरडे हवेत. आतल्या भागांना हात लावण्याआधी डब्याच्या पत्र्याला एकदा हात लावायचा, म्हणजे अंगावरचा स्थिर विजेचा भार उतरतो. नायलॉनच्या साडीतून चटचट आवाज येतो ना, तोच तो भार. माणसाला त्याने काही होत नाही, पण आतले नाजूक भाग त्याने जळू शकतात.

डब्याच्या मागच्या बाजूला, जिथं जाड वायर घुसते, तिथं एक पत्र्याची पेटी असते. तो एसएमपीएस. भिंतीतून २३० व्होल्टची वीज येते, पण आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढीच लागते. ती उतरवून देण्याचं काम एसएमपीएस करतो. गावच्या डीपीचंच काम, फक्त छोट्या पेटीत. आपल्याकडे वीज कमीजास्त होते, त्यामुळे हा भाग लवकर जातो. बटण दाबल्यावर दिवा लागत नाही, पंख्याचा आवाज येत नाही, तर आधी प्लग, बटण आणि यूपीएस बघा. ते ठीक असेल तर संशय एसएमपीएसवर. ही पेटी मात्र आपण कधीही उघडायची नाही. वायर काढल्यावरही आत काही वेळ वीज साठून राहते आणि जोरात झटका बसू शकतो. मैत्रिणीनेही ती उघडली नाही.

मोठी हिरवी किंवा काळी पाटी दिसते ती मदरबोर्ड. सगळे भाग तिच्यावर बसतात आणि तिच्यातूनच एकमेकांशी बोलतात. तिच्यावर एक रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, नंबर सीआर २०३२, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ या सेलवर चालतं. गेल्या वर्षी आपल्या कॉम्प्युटरची तारीख रोज सकाळी कित्येक वर्षं मागे जायची आणि वेबसाइट उघडायच्या नाहीत. आम्ही दोन दिवस नेटवाल्याला फोन करत बसलो. दोष त्या सेलचा होता! तारीख चुकली की कॉम्प्युटरला वेबसाइटची सुरक्षा तपासता येत नाही, म्हणून तो ती उघडत नाही. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलल्यावर तारीख-वेळ एकदा नीट लावायची.

प्रोसेसर मदरबोर्डवरच, पंख्याखाली असतो. हिशोब तोच करतो. तो क्वचितच बिघडतो. त्यावरचा पंखा मात्र धुळीने बसतो, मग कॉम्प्युटर तापतो आणि मध्येच बंद पडतो. आपल्या पंख्यावर एवढी धूळ होती की पाती दिसत नव्हती. (आपलं ऑफिस रस्त्याकडेला आहे आणि उन्हाळाभर खिडकी उघडी असते.) डबा जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवला तरी धूळ कमी जाते.

रॅम आणि हार्ड डिस्क

या दोन्हींची गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून इथं थोडं थांबू. दोन्ही जीबीत मोजतात, दोन्हींना मेमरी म्हणतात, पण कामं अगदी वेगळी.

हार्ड डिस्क म्हणजे घरातली धान्याची कोठी. वीज असो नसो, माल आत असतोच. गटांचे हिशोब, कर्जाच्या नोंदी, फोटो, ठराव, सगळं तिथं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. आत्ता जे करायचं आहे तेवढं कोठीतून काढून ओट्यावर घ्यायचं. ओटा छोटा असेल तर एका वेळी चार पदार्थ करता येत नाहीत, काम हळू होतं. आणि वीज गेली की ओटा एका क्षणात रिकामा. म्हणूनच अर्धवट भरलेला अहवाल सेव्ह केला नसेल तर जातो. सेव्ह करणं म्हणजे ओट्यावरचं कोठीत नेऊन ठेवणं.

रॅम म्हणजे फूटपट्टीच्या तुकड्यासारखी एक पातळ पट्टी. मदरबोर्डवरच्या खाचेत उभी बसवलेली असते, दोन्ही टोकांना किंवा एका टोकाला खटके असतात. ती सैल झाली किंवा तिच्या पिवळ्या दातांवर मळ बसला, तर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काही येत नाही. कधी कधी पीप-पीप आवाज येतो. पट्टी काढून, दात खोडरबराने हलकेच पुसून, परत खटका बसेपर्यंत दाबली की बऱ्याचदा काम होतं. मैत्रिणीने दाखवल्यावर लेखापाल ताईंनी हे स्वतः करून बघितलं. रॅममध्ये पिढ्या असतात, डीडीआर ३, डीडीआर ४ अशा. पट्टीवरची खाच प्रत्येकीत वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावायचा नाही.

हार्ड डिस्क बिघडू लागली की टकटक आवाज येतो, फाइल उघडायला फार वेळ लागतो. असं झालं तर त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. उद्यावर ढकलायचं नाही. हल्ली जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी मिळते. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून ती खूप जलद चालते. कॉम्प्युटर हळू झाला की "नवीनच घ्या" असं सांगतात. त्याआधी विचारायचं, एसएसडी टाकून चालेल का?

एक गंमत. ५०० जीबीची डिस्क घेतली तरी कॉम्प्युटर ४६५ च्या आसपास दाखवतो. मला वाटलं फसवलं. तसं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं. माल तेवढाच, माप वेगळं, पायली आणि किलोसारखं. त्यामुळे यावरून दुकानदाराशी भांडू नका.

"फॉर्मॅट करावं लागेल" हे वाक्य मात्र कान देऊन ऐका. फॉर्मॅट म्हणजे कोठी रिकामी करणं. त्याला होकार देण्याआधी आपली माहिती दुसऱ्या ठिकाणी उतरवली आहे का, हे स्वतः डोळ्यांनी बघायचं. "घेतलाय बॅकअप ताई," एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. पेन ड्राइव्ह लावून दोन-चार फाइल उघडून बघायच्या.

आणि त्या कोठीत फक्त हिशोब नसतात. आपल्या सगळ्यांच्या आधारकार्डाच्या, पासबुकाच्या प्रती तिथं आहेत. डबा दुकानात चार दिवस राहतो, तेव्हा त्याही तिथंच राहतात. डिलीट केलेलंसुद्धा जाणकाराला बऱ्याचदा परत काढता येतं. म्हणून दोष डिस्कमध्ये नसेल तर डिस्क काढून ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि बाकीचा डबा पाठवा. चार स्क्रू आणि दोन वायर, एवढंच काम आहे. डिस्क बदलली तर जुनी परत आणा. गॅरंटीत बदलून मिळणार असेल तर जुनी द्यावी लागते, तेव्हा आत काय आहे याचा आधी विचार करा.

बाहेरचं सामान

मागच्या बाजूला वेगवेगळ्या आकारांची भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. माऊस, कीबोर्ड, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र ही सगळी यूएसबीत. मॉनिटरची वायर निळ्या टोकाची असेल तर ती व्हीजीए, तिला पंधरा टाचण्या असतात. वाकड्या घातल्या की टाचण्या वाकतात आणि पडद्याचे रंग बिघडतात.

यूपीएसच्या आत १२ व्होल्टची बॅटरी असते. वीज गेल्यावर ती थोडा वेळ देते, तो सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करण्यासाठी. काम चालू ठेवण्यासाठी नाही. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडायचा नाही. तो छपाईच्या वेळी एकदम खूप वीज ओढतो आणि यूपीएस बंद पडतो. आपला प्रिंटर गेली दोन वर्षं तिथंच जोडलेला होता.

डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. तीन टाचण्यांच्या प्लगची मोठी टाचणी त्यासाठीच असते. ती कापून प्लग बसवू नका. वायरमनला बोलवा. हे कॉम्प्युटरपेक्षा आपल्या जिवासाठी आहे.

आता त्या बिलाचं सांगते. एसएमपीएस नवीन होता, चकचकीत. रॅमची पट्टी एकच होती आणि तिच्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं ४ जीबी. बिलावर ८. कॉम्प्युटर चालू करून, सेटिंगमध्ये सिस्टिम आणि मग अबाऊट उघडलं, तिथंही ४ च. (८ ची असती तरी कंसात ७.८ च्या आसपास दिसतं, तेवढा फरक चालतो.) ही आपलीच जुनी पट्टी होती की दुसरी, हे सांगायला काही मार्ग नव्हता, कारण आधीचा नंबर आम्ही टिपलाच नव्हता. अध्यक्ष ताई, लेखापाल ताई आणि मी बिल घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने पट्टी बघितली, बिल बघितलं, "पोराची चूक झाली" म्हणाला आणि ८ ची बसवून दिली. चूक होती की आणखी काही, मला माहीत नाही. वाद घालावा लागला नाही, एवढं खरं.

तेव्हापासून कॉम्प्युटरसाठी वेगळी वही केली आहे. पहिल्या पानावर प्रत्येक भागाचं नाव, कंपनी, क्षमता आणि सिरियल नंबर. उघड्या डब्याचा फोटो लेखापाल ताईंच्या मोबाईलमध्ये आहे. दुरुस्तीला देताना काय दिलं ते लिहून त्यावर दुकानदाराची सही. बिलावर नुसतं "दुरुस्ती" चालत नाही. भागाचं नाव, नंबर आणि गॅरंटी किती महिने हे लागतं. तुमच्या ग्रामसंघाकडे कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर अशी वही करा. पहिलं पान कसं भरायचं ते दाखवायला मी येते, फक्त दोन दिवस आधी फोन करा.

गेल्या महिन्यात यूपीएसची बॅटरी बदलली. बैठकीत बिल वाचलं जाताच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "जुनी कुठंय?" लेखापाल ताईंनी बिल वर धरून दाखवलं. जुन्या बॅटरीतल्या शिशाला भंगारात भाव असतो, तेवढे पैसे वजा करून घेतले होते.