कतारगामची गोळी आणि आपली खाडी



आज जाळं, डिझेल, बर्फ बाजूला ठेवू आणि थोडं गटाराबद्दल बोलू. नाक मुरडू नका, विषय आपल्याच खाडीचा आहे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली. वेड रोड-कतारगाम भागाला तिचा मोठा फटका बसला. लाखो माणसं शहर सोडून गेली आणि जी राहिली त्यांनी टेट्रासायक्लिनच्या गोळ्या घेतल्या. त्या गोळ्यांनी जीव वाचवले, यात वाद नाही. पण पोटात गेलेली गोळी पुढे जाते कुठे?

अँटिबायोटिक शरीरात पूर्ण जिरत नाही. टेट्रासायक्लिन, अमॉक्सिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांचा मोठा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. रुग्णालयात असे रोगी एकाच छपराखाली असतात, म्हणून तिथलं सांडपाणी घरच्यापेक्षा जास्त औषधी. कतारगामच्या कडेनं तापी वाहते. जवळच सिंगणपोरचा बंधारा आहे. त्याच्या वर गोडं पाणी, खाली भरती-ओहोटीचं. पुढे डुमस-हजिऱ्याला नदी समुद्राला मिळते. शहर कुठलंही असो, तिथलं पाणी उतरतं खाडीकडेच.

मग धोका काय?
मासा लगेच मरत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. थोड्या औषधात कमजोर जंतू मरतात, चिवट जंतू उरतात आणि वाढतात. वर आपला चिवटपणा शेजारच्या जंतूलाही देतात. उद्या आपल्या खलाशाच्या हाताला शिंगाळ्याचा काटा लागला आणि जखम चिघळली, तर नेहमीची गोळी चालेलच असं नाही.

कायदा काय म्हणतो?
२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रुग्णालयाच्या सांडपाण्यासाठी एक परीक्षा आहे: त्या पाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. परीक्षा चांगली, पण अपुरी. त्या यादीत अँटिबायोटिकची मर्यादाच नाही. म्हणजे मासा पास झाला तरी औषध पाण्यात असू शकतं.

औषध काढता येतं का?
येतं. नुसत्या क्लोरीनवर भागत नाही. आधी जंतूंकडून घाण खाववून घ्यायची, मग बारीक पडद्यातून पाणी गाळायचं, शेवटी सक्रिय कोळसा आणि ओझोन. कोळसा औषध धरून ठेवतो, ओझोन ते तोडतो. डेन्मार्कमधल्या हेरलेव्ह रुग्णालयात २०१४ पासून असं केंद्र आहे. मात्र वापरलेला कोळसा आणि गाळ नीट जाळला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. खर्चही आहे, म्हणून हे काम उगमाशी, रुग्णालयातच करणं बरं. शहराच्या सगळ्या पाण्यात मिसळल्यावर तेवढंच औषध शोधायला कितीतरी पट पाणी गाळावं लागतं.

आपण काय करायचं?
१. उरलेल्या गोळ्या संडासात, खाडीत टाकू नका.
२. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका, आणि दिलेला कोर्स अर्धवट सोडू नका.
३. जखम दाखवताना "मी खाऱ्या पाण्यात काम करतो" हे आवर्जून सांगा. समुद्री जंतूंना औषध वेगळं लागतं.
४. कोळंबीच्या तलावात, बर्फात, मालावर औषधाची पूड नको. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानचा अंश सापडला की परदेशात माल परत जातो, बदनामी सगळ्यांची होते.
५. नाखवा मंडळींनी आपल्या भागातल्या रुग्णालयाचा वार्षिक अहवाल, म्हणजे फॉर्म चार, मागून बघावा. सांडपाण्यावर प्रक्रिया कशी केली आणि वर्षात किती वेळा नियम पाळला गेला नाही, हे त्यात लिहावं लागतं. हा अहवाल लोकांना बघायला ठेवणं बंधनकारक आहे.

रुग्णालयाशी आपलं भांडण नाही. आपलीच लेकरं तिथे बरी होतात. पण तिथलं पाणी शेवटी आपल्या जाळ्यातून जातं, तेव्हा विचारायचा हक्क आपला आहे. पुढच्या सभेत हा विषय घेऊ या. तोवर ही माहिती आपल्या तांडेल-खलाशांपर्यंत पोचवा.