मांडवीचे डॉक्टर व्हिएगस

इ. स. १८९६ च्या पावसाळ्याची अखेर होती. मुंबईच्या गोदीलगतचा मांडवी विभाग नेहमीप्रमाणे गजबजलेला होता. दाटीवाटीच्या चाळी, तुंबलेली गटारे आणि धान्याने भरलेल्या वखारी अशी तेथील वस्ती होती. अशा या वस्तीत उंदीर मरून पडू लागले. मग माणसांना तीव्र ताप येऊ लागला. जांघेत व काखेत गाठी उठू लागल्या आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावू लागले.

मांडवीतील रोग्यांवर डॉक्टर अकासिओ व्हिएगस हे उपचार करीत असत. त्यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे या गावी झाला होता. वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते मुंबईतच स्थायिक झाले. १८८८ साली ते म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासदही झाले. रोग्यांना तपासताच त्यांनी ओळखले, की हा साधा ताप नव्हे. हा गाठीचा प्लेग आहे!

परंतु हे नाव उच्चारणे सोपे नव्हते. मुंबईत प्लेग आहे असे कळले, की परदेशची बंदरे तिची जहाजे अडविणार, व्यापार बसणार आणि नगरात घबराट पसरणार. मौन पाळले असते, तर व्हिएगस यांना कोणी दोष दिला नसता. मात्र त्या मौनाचे मोल गोरगरिबांना प्राणांनी द्यावे लागले असते. म्हणून त्यांनी सप्टेंबरमध्येच ती वार्ता कॉर्पोरेशनपुढे निर्भयपणे मांडली. प्रारंभी अनेकांनी शंका घेतली. पण तज्ज्ञांच्या तपासणीत त्यांचे निदान अचूक ठरले.

व्हिएगस केवळ बोलून थांबले नाहीत. घाण काढणे, वस्ती स्वच्छ करणे आणि उंदरांचा नाश करणे यांसाठी त्यांनी मोहीम उभारली. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे शास्त्रज्ञ सीमाँ यांनी त्यानंतर दोन वर्षांनी दाखवून दिले.

नगरातील लाखो लोक गावोगाव पळाले. पुढे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तरीही लोक लशीला भीत होते. अशा वेळी व्हिएगस यांनी स्वतः सुमारे १८,००० लोकांना लस टोचली, असे सांगतात.

प्लेग लगेच हटला नाही. पुढील अनेक वर्षे त्याने देशभर लाखो बळी घेतले. तरी संकटाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारल्यावाचून त्याच्याशी झुंज देता येत नाही, हे व्हिएगस यांनी दाखवून दिले. १९०६ साली ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. मुंबईत धोबी तलाव येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

अभ्यास

१. प्लेगचे नाव उच्चारणे कठीण का होते?
२. व्हिएगस मौन पाळते, तर काय झाले असते?