नोंदवहीत नाव नाही, म्हणून दाद मागता येत नाही का?

प्रश्न : माझे पती आणि त्यांचे दोन भाऊ यांची कोल्हापुरात फाउंड्रीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिघेच भागधारक. पतींचे ३० टक्के शेअर होते. ते मृत्युपत्र न करता गेले. शेअर आमच्या नावे करण्यासाठी दिलेल्या पत्राला उत्तर नाही. आता दिरांनी नवे शेअर काढून आपसांत वाटून घेतले आणि आमचा हिस्सा ९ टक्क्यांवर आला. ‘तुम्ही सभासदच नाही, तक्रार कसली?’ असे ते म्हणतात. मला एक मुलगा, एक मुलगी आहे. सासूबाई दिरांकडे असतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दिरांचे म्हणणे कायद्याला धरून नाही. मृत भागधारकाच्या वारसांचे नाव नोंदवहीत चढलेले नसले, तरी ते कंपनीतील अन्यायाविरुद्ध अर्ज करू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने वर्ल्ड वाइड एजन्सीज खटल्यात स्पष्ट केले. निकाल १९५६च्या जुन्या कायद्याखालचा असला, तरी आजही त्याचाच आधार घेतला जातो. नाव चढवणे ज्यांच्या हाती, त्यांनीच ते अडवून धरायचे आणि वर ‘नाव नाही’ म्हणायचे, हे चालू दिले तर प्रत्येक विधवेची वाट बंद होईल.

२०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम २४१ खाली मुंबईच्या कंपनी लवादाकडे (एनसीएलटी) अर्ज करता येतो. ९ टक्क्यांची धास्ती नको. भांडवलाचा दहावा हिस्सा नसला, तरी एकूण सभासदांपैकी एक दशांश पुरतात. तीन सभासदांच्या कंपनीत एकाची जागा पुरेशी आहे. नवे शेअर रद्द करावेत आणि निकालापर्यंत आणखी वाटप थांबवावे, अशी मागणी करा. शेअरवाटपासाठी सभा झाली असेल, तर तिची नोटीस तुम्हाला आली होती का, हेही पाहा. कलम १०१ प्रमाणे ती मृत सभासदाच्या कायदेशीर प्रतिनिधींनाही द्यावी लागते. मतदान मात्र नाव चढल्याशिवाय सहसा करता येत नाही.

नाव चढवण्यासाठी मृत्यूचा दाखला व वारसाहक्काची कागदपत्रे जोडून पुन्हा पत्र द्या, पोच घ्या. नकार आला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत, कंपनी गप्पच राहिली तर पत्र पोचल्यापासून ६० दिवसांत लवादाकडे अपील करता येते.

माझी खरी काळजी सासूबाईंची आहे. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येत असाल, तर तुम्ही, दोन्ही मुले आणि सासूबाई असे चौघे समान वारस आहात. वारसांतच वाद असेल, तर लवाद हात आखडता घेतो. २०२०च्या अरुणा ओसवाल प्रकरणात वडिलांच्या शेअरमध्ये चौथा हिस्सा मागणाऱ्या मुलाचा दिवाणी दावा प्रलंबित होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कंपनी अर्ज टिकू दिला नाही, हक्क आधी दिवाणी न्यायालयात ठरवा म्हणाले. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी सासूबाईंना भेटा. त्यांचा चौथा हिस्सा तुम्हाला मान्य असल्याचे लिहून द्या, आणि अर्जावर त्यांचीही सही मिळते का पाहा. नवे वाटप टिकले, तर त्यांचाही हिस्सा घटणारच आहे.