हातात कॅमेरा धरून किडींचे जवळून छायाचित्र कसे घ्यावे?



पीक संरक्षणाची पहिली पायरी म्हणजे किडीची अचूक ओळख. ओळख चुकली की औषध चुकते, पैसा वाया जातो आणि पिकातले मित्रकीटक विनाकारण मरतात. पूर्वी शेतकरी कीडग्रस्त फांदी पिशवीत घालून कृषि विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयात घेऊन येत असत. आता बहुतेक जण मोबाईलवर छायाचित्र काढून पाठवितात. मात्र आलेल्या छायाचित्रांपैकी बरीचशी इतकी अस्पष्ट असतात की त्यावरून ठामपणे काहीच सांगता येत नाही.

याबाबतचा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सीताफळ बागायतदाराने फळावरील पांढऱ्या, कापसासारख्या किडीचे छायाचित्र पाठविले होते. छायाचित्र हललेले होते. मी ते पाहून ‘पिठ्या ढेकूण’ असे उत्तर दिले आणि त्यांनी लगेच फवारणी केली. पुढच्या आठवड्यात बागेत गेलो, तेव्हा न फवारलेल्या कडेच्या झाडांवर तशाच पांढऱ्या अळ्या पिठ्या ढेकूण खाताना दिसल्या. त्या क्रिप्टोलिमस या परभक्षी भुंगेऱ्याच्या अळ्या होत्या. फवारलेल्या झाडांवर त्या मेल्या होत्या, पण मेणाच्या आवरणाखालचे पिठ्या ढेकूण बरेचसे शिल्लक होते. अस्पष्ट चित्रावरून उत्तर देण्याची चूक माझीच होती. दुसरे चित्र मागविले असते तर एक फवारणी वाचली असती आणि मित्रकीटकही वाचले असते.

म्हणून किडीचे स्पष्ट छायाचित्र हातात मोबाईल किंवा कॅमेरा धरून कसे घ्यावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

चित्र अस्पष्ट का येते?

मावा साधारण १ ते ३ मि.मी., तर फुलकिडे व पांढरी माशी १ ते १.५ मि.मी. लांबीचे असतात. एवढ्या लहान वस्तूच्या फार जवळ गेल्यावर तीन अडचणी येतात.

१) स्पष्टतेची खोली कमी होते. किडीचे चित्र कॅमेऱ्यातील संवेदकावर तिच्या मूळ आकाराएवढे पडत असेल, तर साधारण १ मि.मी. जाडीचाच भाग स्पष्ट दिसतो. त्याच्या पुढचा व मागचा भाग धूसर होतो.

२) हाताचा कंप वाढलेला दिसतो. किडीचा आकार जितका वाढतो, तितकाच हाताचा व वाऱ्याने हलणाऱ्या पानाचा कंपही वाढतो.

३) प्रकाश कमी पडतो. मोबाईल किडीच्या इतका जवळ जातो की त्याचीच सावली तिच्यावर पडते.

पुढे दिलेल्या सर्व सूचना या तीन अडचणींवरचे उपाय आहेत.

साधने

बहुतेकांना मोबाईल पुरेसा आहे. ज्या मोबाईलमध्ये जवळचे चित्र घेण्याची ‘मॅक्रो’ सोय आहे, ती वापरावी. नसल्यास चिमट्याने बसविता येणारे १० ते १५ पटीचे भिंग घ्यावे. असे भिंग लावल्यावर कीड सुमारे २ ते ३ सें.मी. अंतरावर असतानाच स्पष्ट दिसते. भिंग मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यावर नेमके मध्यभागी बसवावे आणि मऊ सुती कापडाने पुसून घ्यावे. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे करून छायाचित्र घेऊ नये. त्यामुळे बारकावे वाढत नाहीत, फक्त चित्र फुटते.

ज्यांच्याकडे भिंग बदलता येणारा कॅमेरा आहे, त्यांना ९० ते १०५ मि.मी. चे मॅक्रो भिंग उत्तम. कमी खर्चात करायचे असल्यास नेहमीचे भिंग उलटे बसविण्याची कडी किंवा भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये बसविण्याच्या पोकळ नळ्या मिळतात. छिद्र एफ ८ ते एफ ११ ठेवावे. छिद्र याहून फार लहान केल्यास स्पष्टतेची खोली वाढते, परंतु एकूण चित्र मऊ पडते. फ्लॅश वापरत असल्यास त्यापुढे बटर पेपर किंवा पातळ पांढरे प्लास्टिक लावावे, म्हणजे प्रकाश पसरतो व किडीच्या अंगावर पांढरे डाग चमकत नाहीत. कमी शक्तीवर फ्लॅशचा झोत फार थोडा वेळ टिकतो, त्यामुळे हाताचा कंपही चित्रात उतरत नाही. फ्लॅश नसल्यास वेग १/२५० सेकंद किंवा त्याहून जास्त ठेवावा.

तिकाटणे शेतात फारसे उपयोगी पडत नाही. ते मांडेपर्यंत कीड जागा सोडते आणि त्याच्या पायाने शेजारचे रोप हलते. हातात धरून चित्र घेण्याची सवय लावणेच सोयीचे आहे.

वेळ व प्रकाश

कीटकांच्या शरीराचे तापमान हवेप्रमाणे बदलते. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात, वाराही कमी असतो. त्यामुळे सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास सर्वांत चांगला. भर उन्हात चित्र घ्यावे लागल्यास किडीवर पांढऱ्या छत्रीची सावली धरावी. उलट्या बाजूने पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा धरल्यास पानाखालच्या भागावर प्रकाश पडतो.

पिठ्या ढेकणासारखी पांढरी कीड चित्रात जळून गेल्यासारखी येते, तेव्हा पडद्यावरील उजेड थोडा कमी करावा. चवळीवरील काळ्या माव्यासाठी तो थोडा वाढवावा.

हात कसा स्थिर ठेवावा?

१) जमिनीवर गोणपाट टाकून एक गुडघा टेकवावा. बसण्यापूर्वी जागा नीट पाहावी. उभ्याने वाकून चित्र घेऊ नये.

२) दोन्ही कोपरे बरगड्यांना किंवा उभ्या गुडघ्याला टेकवावीत.

३) डाव्या हाताच्या अंगठ्यात व तर्जनीत पानाचा देठ किंवा फांदी हळुवार धरावी. मोबाईलची कड त्याच हाताच्या मुठीवर टेकवावी. आता मोबाईल व पान एकाच हातावर आधारलेले असल्याने दोन्ही एकत्र हलतात आणि त्यांच्यातील अंतर बदलत नाही. हातात धरून चित्र घेण्याचे खरे गमक हेच आहे.

४) पडद्यावर किडीच्या डोळ्यावर बोट दाबून धरावे. बऱ्याच मोबाईलमध्ये त्यामुळे स्पष्टतेचे अंतर पक्के होते. यानंतर पडद्याला हात न लावता मोबाईलच केसभर पुढे-मागे करावा. डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबावे.

५) श्वास सोडून झाल्यावर क्षणभर थांबावे आणि लागोपाठ आठ-दहा चित्रे घ्यावीत. त्यातून एक-दोन चांगली निघाली तरी पुष्कळ झाले. बाकीची पुसून टाकावीत.

६) कीड आडवी असेल तर मोबाईल तिच्या अंगाला समांतर धरावा, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंतचा भाग एकाच पातळीत येऊन स्पष्ट दिसतो.

किडीजवळ जाताना एकदम झेप घेऊ नये आणि आपली सावली तिच्यावर पडू देऊ नये. आधी एक फुटावरून एक चित्र घ्यावे, मग हळूहळू जवळ जावे. कीड उडाली तरी पहिले चित्र हाती राहते.

सराव परसबागेत करावा

शेतात कीड पडेपर्यंत वाट पाहू नये. पहिला आठवडा तांदळाच्या दाण्यावर व तुळशीच्या मंजिरीवर सराव करावा. दुसऱ्या आठवड्यात संथ कीटक निवडावेत. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर फुलपाखराची अळी असते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. रुईच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा सापडतो आणि तेथेच मावा खाणारे ढालकिडेही बहुधा दिसतात. तिसऱ्या आठवड्यात फुलावरच्या मधमाश्या व सिरफिड माश्या घ्याव्यात. महिन्याभरात हात बसतो. या कामात घरातील मुला-मुलींना जरूर सोबत घ्यावे. त्यांचा हात लवकर बसतो आणि मित्रकीटकांची ओळखही होते.

कोणत्या किडीचा कोणता भाग घ्यावा?

नुसते सुंदर चित्र उपयोगाचे नाही. ओळख पटविणारा भाग त्यात दिसला पाहिजे.

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी : ही कीड भारतात २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण आणि शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात चार ठिपके असतात. म्हणून एक चित्र समोरून डोक्याचे व दुसरे वरून पाठीच्या मागील भागाचे घ्यावे.

कपाशीवरील तुडतुडे : पंखांच्या टोकाकडे दोन काळे ठिपके असतात व कीड तिरकी चालते. चित्र वरून घ्यावे.

गुलाबी बोंड अळी : ती बोंडाच्या आत असते. बोंड फोडून अळी व खाल्लेली सरकी एकत्र दिसतील असे चित्र घ्यावे.

फुलकिडे : शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून कागदावरील फुलकिड्यांचे चित्र घ्यावे.

लाल कोळी : तो अर्धा मि.मी. एवढाच असतो. मोबाईलमध्ये नीट येत नसल्यास पानाच्या खालच्या बाजूचे डाग व जाळी यांचे चित्र घ्यावे.

पिठ्या ढेकूण व क्रिप्टोलिमस : पिठ्या ढेकूण चपटा, लांबट गोल असून कडेने मेणाचे तंतू असतात व तो फारच संथ असतो. क्रिप्टोलिमसच्या अळीच्या अंगावर मेणाचे लांब, विस्कटलेले झुबके असतात, ती मोठी होते व चपळ असते. हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. चित्र बाजूने, पाय दिसतील असे घ्यावे. शंका असल्यास काडीने हलकेच स्पर्श करून दहा सेकंदांची चित्रफीतही घ्यावी.

ढालकिड्याची अळी काळपट, नारिंगी किंवा पिवळे डाग असलेली आणि लहानशा मगरीसारखी दिसते. क्रायसोपाची अंडी केसासारख्या देठावर उभी असतात. ही दोन्ही मित्रकीटकांची लक्षणे आहेत. ती दिसली तर फवारणीची घाई करू नये.

चित्र पाठविताना

प्रत्येक वेळी तीन चित्रे पाठवावीत : संपूर्ण झाडाचे, नुकसान झालेल्या भागाचे आणि किडीचे जवळून. एका चित्रात किडीशेजारी मि.मी. च्या खुणा असलेली फूटपट्टी ठेवावी. सोबत पीक, वाण, पिकाचे वय, गाव, तारीख, यापूर्वी केलेली फवारणी आणि २० झाडांपैकी किती झाडांवर कीड आढळली हे लिहावे. संदेशातून चित्र पाठविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, नाहीतर चित्र दाबले जाऊन बारकावे जातात. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीच्या ॲपमध्येही छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. परंतु तेथेही चित्र अस्पष्ट असेल तर उत्तर चुकण्याची शक्यता असते.

दक्षता

नुकतीच फवारणी झालेल्या शेतात चित्रे काढण्यासाठी जाऊ नये. केसाळ अळ्यांना हात लावू नये. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ फ्लॅश वापरू नये. चित्र चांगले यावे म्हणून कीटक मारू किंवा टोचू नये.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवावी. छायाचित्र म्हणजे ओळख, मोजणी नव्हे. एका पानावरची कीड स्पष्ट दिसली म्हणून साऱ्या शेतात फवारणीची गरज आहे असे होत नाही. शेतात फिरून झाडे मोजावीत, आर्थिक नुकसानीची पातळी गाठली आहे का ते पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा. आणि ज्याला चित्र पाठविले त्याने अस्पष्ट चित्रावरून औषधाचे नाव सांगितले, तर तो कोणीही असो, त्याला ‘दुसरे चित्र पाठवितो, जरा थांबा’ असे म्हणण्यास संकोच करू नये.