जळित रुग्णांच्या रक्तातील जंतुसंसर्ग आणि परिचारिकेची जबाबदारी

गंभीररीत्या भाजलेला रुग्ण आगीतून वाचला आणि पहिल्या दोन दिवसांत शरीरातून गेलेले पाणी व क्षार सलाइनने भरून निघाले, म्हणजे संकट टळले, अशी नातेवाइकांची समजूत होते. वस्तुतः मोठ्या जळितात दुसरे संकट त्यानंतर सुरू होते. पहिल्या धक्क्यातून सावरलेले जे रुग्ण पुढे दगावतात, त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण जंतुसंसर्ग हे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक व्यक्ती मध्यम वा गंभीर स्वरूपात भाजतात. हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते.

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. ती जळाली की मृत त्वचेचा ओलसर थर मागे उरतो आणि जंतूंना तेथे आयतेच अन्न मिळते. या थराला रक्तपुरवठा नसल्याने शिरेतून दिलेले प्रतिजैविक औषध तेथपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणूनच मृत त्वचा लवकर काढून त्या जागी त्वचारोपण करण्यावर आज भर दिला जातो. भाजल्याबरोबर जखम जवळजवळ जंतुविरहित असते. परंतु घर्मग्रंथी व केसांची मुळे यांत तग धरून राहिलेले स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू सुमारे ४८ तासांत जखमेवर पसरतात. आठवडाभरात स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर यांसारखे अधिक चिवट जंतू येतात. ते रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यांतून येतात, तसेच वॉर्डातील नळ, मोऱ्या, ओली भांडी आणि कर्मचाऱ्यांचे हात यांच्याद्वारेही येतात.

जखमेतून रक्तात जाण्याचा मार्ग तर असतोच. पण त्याहून सरळ मार्ग उपचारांसाठीच उघडावा लागतो. तो म्हणजे शिरेत घातलेली नळी. सलाइन, रक्त, औषधे यांसाठी ती अपरिहार्य असते. सर्वांग भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत कधी कधी ती भाजलेल्या भागातूनच घालावी लागते, आणि ओल्या जखमेलगत तिच्यावरील पट्टी नीट चिकटतही नाही. अशा वेळी नळीच्या तोंडाशी कोण, केव्हा आणि कशा हातांनी स्पर्श करतो, यावर रुग्णाचे भवितव्य अवलंबून राहते. हा स्पर्श दिवसातून अनेकदा, आणि बहुधा परिचारिकेचाच असतो.

या बाबतीत अमेरिकेतील मिशिगन राज्याचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील १०३ अतिदक्षता विभागांत राबविलेल्या उपक्रमाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. उपाय पाचच होते: हात धुणे, नळी घालताना रुग्णास पूर्णपणे निर्जंतुक कापडाने झाकणे व डॉक्टरांनी टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे वापरणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यात नवे काहीच नव्हते. नवे होते ते एवढेच की, एखादी पायरी गाळली गेल्यास, तातडीचा प्रसंग नसेल तर, डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकार परिचारिकेस दिला गेला. नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे मध्यक प्रमाण दर १,००० नळी-दिवसांमागे २.७ होते, ते तीन महिन्यांत शून्यावर आले. हे विभाग जळित रुग्णांचे नव्हते, आणि जळित कक्षात एवढे यश मिळणे अधिक कठीण आहे, हे खरे. तथापि, अधिकाराचा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. कनिष्ठाने वरिष्ठास टोकणे आपल्याकडील रुग्णालयांतच काय, कार्यालयांतही सोपे नाही. अशा परिचारिकेच्या पाठीशी रुग्णालयाच्या प्रमुखाने उभे राहावयास हवे.

जळित रुग्णातील संसर्ग ओळखणेही अवघड असते. भाजल्यामुळे शरीराचा चयापचय वाढलेला असतो, ताप बहुधा असतोच. म्हणून केवळ तापावरून निदान होत नाही. उलट तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे हे अधिक चिंतेचे लक्षण ठरू शकते. काल नीट बोलणारा रुग्ण आज बरळू लागतो, श्वास जलद होतो, पोट फुगते, नळीवाटे दिलेले अन्न पचेनासे होते, रक्तातील साखर अकारण वाढते. या बदलांची पहिली साक्षीदार परिचारिकाच असते. तिने वेळीच कळविले तर प्रतिजैविक बदलण्यापूर्वी रक्ताचा नमुना कल्चरसाठी घेता येतो, आणि जंतू ओळखून नेमके औषध देता येते. ‘खबरदारी म्हणून’ पहिल्या दिवसापासून भारी प्रतिजैविके देत राहण्याने मात्र औषधांना दाद न देणारे जंतूच तेवढे शिल्लक राहतात.

एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात स्वच्छ करणे, ड्रेसिंगसाठी नवा गाऊन व हातमोजे घेणे, अनेकांना एकाच टबात स्नान घालण्याऐवजी वाहत्या पाण्याने जखमा धुणे ही कामे किरकोळ वाटतात. एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण सोपविले की प्रथम हीच मागे पडतात. जळित कक्षातील पदे मंजूर करताना व भरताना संबंधितांनी ही गोष्ट विचारात घ्यावी.

गावपातळीवरही काही करता येण्याजोगे आहे. भाजलेल्या जागेवर शेण, माती, शाई, तूप वा टूथपेस्ट लावल्याने जंतू घरूनच जखमेत शिरतात. त्याऐवजी थंड वाहते पाणी २० मिनिटे सोडावे, मोठ्या जळितात रुग्णाचे अंग गारठू देऊ नये, बांगड्या व अंगठ्या सूज येण्यापूर्वी उतरवाव्यात, स्वच्छ धुतलेल्या चादरीत रुग्णास गुंडाळावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात भेटीस जाणाऱ्यांनी गर्दी करू नये, हात धुतल्याशिवाय रुग्णाजवळ जाऊ नये आणि सिस्टरने अडविल्यास तिच्याशी हुज्जत घालू नये.