कलाकार निवडणारा कलाकार : थॉमस ब्रूमन

गायक व्हावे, तबला शिकावा असे तुमच्यापैकी अनेकांना वाटते. पण मोठ्या संगीत महोत्सवात कोण गाणार, कोणत्या दिवशी, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर, हे ठरवणारीही एक व्यक्ती असते. तिला ‘आर्टिस्टिक डायरेक्टर’ म्हणतात; आपण कलासंचालक म्हणू. या कामासाठी ठरावीक पदवी लागत नाही, त्यामुळे पालकांच्या लेखी हा व्यवसायच नसतो! या लेखात अशाच एका व्यक्तीची कारकीर्द पाहू.

थॉमस ब्रूमन हे इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातले. बँडमध्ये ड्रम वाजवणारे. 1980 च्या सुमारास ते आणि त्यांचे मित्र ‘ब्रिस्टल रेकॉर्डर’ नावाचे एक मासिक काढत. मासिकासोबत एक रेकॉर्डही असे, त्यामुळे वाचणाऱ्याला ऐकायलाही मिळे. या मासिकासाठी मुलाखत घेण्याच्या निमित्ताने त्यांची ओळख पीटर गॅब्रिएल यांच्याशी झाली. गॅब्रिएल हे ‘जेनेसिस’ या गाजलेल्या बँडचे माजी गायक. आफ्रिका आणि इतर खंडांतले संगीत त्यांना आवडू लागले होते. आपल्या लोकांनीही ते समोर बसून ऐकावे, असे त्यांना वाटे. त्यातून ‘वोमॅड’ महोत्सव उभा राहिला. हे नाव ‘वर्ल्ड ऑफ म्युझिक, आर्ट्स अँड डान्स’ याचे लघुरूप आहे.

पहिला महोत्सव जुलै 1982 मध्ये शेप्टन मॅलेट या गावाजवळ, कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर भरला. बुरुंडी या आफ्रिकी देशाचे ढोलवादक जड ढोल डोक्यावर घेऊन, ते वाजवतच मंचावर येतात. हे दृश्य तेथल्या बहुतेकांनी कधी पाहिले नव्हते. आयर्लंडचे ‘चीफटन्स’ आले. ‘एको अँड द बनीमेन’ हा तरुणांचा लाडका इंग्लिश बँड तर बुरुंडीच्या ढोलवादकांसह एकाच मंचावर वाजला. कार्यक्रम म्हणाल तर अपूर्व झाला.

हिशेब मात्र पार कोलमडला. त्या दिवसांत रेल्वेचा संप होता, प्रेक्षक अपेक्षेपेक्षा फार कमी आले, आणि एवढ्या देशांतून आणलेल्या कलावंतांचा खर्च अंगावर पडला. आयोजकांत प्रसिद्ध नाव एकच, गॅब्रिएल यांचे. म्हणून देणेकऱ्यांचा रोष त्यांच्यावर आला, धमक्यांचे फोनही आले. शेवटी ‘जेनेसिस’मधले जुने सहकारी मदतीला धावले. 2 ऑक्टोबर 1982 रोजी मिल्टन कीन्स येथे ते गॅब्रिएल यांच्यासह एका कार्यक्रमापुरते एकत्र आले. भर पावसात श्रोते उभे राहिले आणि त्या उत्पन्नातून कर्जाचा भार हलका झाला.

इथे बहुतेकांनी हात टेकले असते. ब्रूमन टिकले, आणि 2008 पर्यंत त्यांनी ‘वोमॅड’चे कलासंचालकपद सांभाळले. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करायचा तो या कर्जापासूनच. चांगली निवड करणारे रसिक पुष्कळ असतात. ती निवड पुढच्या वर्षीही करता येईल असा महोत्सव चालवणे फार थोड्यांना जमते.

त्यातली युक्ती कोणती? ओळखीच्या नावावर तिकीट विकले जाते आणि अनोळखी नाव मैदानात मन जिंकते. 1985 साली एसेक्समधील मर्सी बेटावर महोत्सव भरला. इंग्लिश बँडसाठी आलेल्या अनेकांना कव्वाली हा शब्दही माहीत नसावा. त्यांच्यासमोर पाकिस्तानचे नुसरत फतेह अली खाँ आपल्या साथीदारांसह बसले. हार्मोनियम, तबला, टाळ्या आणि सरगमीच्या ताना! भाषा कळत नसताना लोक गुंतून गेले. पाश्चात्त्य देशांतल्या त्यांच्या कीर्तीची सुरुवात अनेक जण त्या रात्रीपासून धरतात. 1989 मध्ये गॅब्रिएल यांच्या ‘रिअल वर्ल्ड’ कंपनीने त्यांचा ‘शाहेन-शाह’ हा संग्रह काढला. मर्सी बेटावरच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण तर 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

कोणानंतर कोण, हा क्रमही महत्त्वाचा. दणदणीत ढोलांनंतर लगेच एकट्या सतारीला बसवले तर सतारीवर अन्याय होतो. आपल्याकडे पदाचे नाव वेगळे असेल, पण काम नवे नाही. पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची धुरा स्वतः कित्येक वर्षे वाहिली.

बाकीचे काम रुक्ष वाटेल असे आहे. दहा जणांचा ताफा म्हणजे दहा पासपोर्ट, दहा व्हिसा, दहा तिकिटे, शिवाय वाद्यांचे सामान. एकाचा व्हिसा नाकारला गेला की सगळी मैफल अडते. करारपत्र, मानधन, जेवण, ध्वनिव्यवस्था या सगळ्यांत कलासंचालकाला लक्ष घालावे लागते. पुढे ‘वोमॅड’ स्पेनमधील कासेरेस आणि ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथेही 1992 पासून भरू लागला. तेथील एक उपक्रम आपल्या मुलांना नक्की आवडेल : कलाकार मंचावर आपल्या देशाचा पदार्थ रांधतात आणि रांधता रांधता गप्पा मारतात, गातात.

‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव रूढ झाले ते 1987 मध्ये. या रेकॉर्ड कोणत्या कप्प्यात ठेवाव्यात हे दुकानदारांना कळेना, म्हणून लंडनमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी एकत्र बसून ते ठरवले. पुढे त्यावर टीकाही झाली, कारण इंग्रजी गाणी सोडून साऱ्या जगाचे संगीत एकाच खणात कोंबले गेले. ग्रॅमी पुरस्कारांनी 2020 मध्ये आपल्या विभागाच्या नावातून हे शब्द काढून टाकले.

इयत्ता आठवी ते दहावीसाठी स्वाध्याय : शाळेच्या पटांगणावर तीन संध्याकाळी संगीत महोत्सव भरवायचा आहे, असे समजा. रोज तीन कार्यक्रम. एकूण नऊपैकी किमान चार गायक-वादक असे हवेत, की ज्यांची भाषा वा वाद्य आपल्या गावात कोणी ऐकलेले नाही. त्यांचा क्रम लावा आणि प्रत्येकाच्या जागेचे कारण दोन ओळींत लिहा. दुसऱ्या पानावर जमाखर्च मांडा. पहिल्या संध्याकाळी पाऊस आला आणि निम्मीच तिकिटे खपली, असे धरून तोच जमाखर्च पुन्हा करा. दोन्ही पाने वर्गशिक्षकांकडे द्यावीत.